दोनशे शब्दांत बसणारं संकट

पुण्याजवळच्या एका मोठ्या खासगी महाविद्यालयाच्या अर्जात तीन प्रश्न होते. बाकीचा अर्ज म्हणजे नाव, गाव, दहावीचे गुण, जातीचा दाखला. तो मी वसमतच्या एका नेट कॅफेत बसून भरून टाकला. अडलं ते या प्रश्नांपाशी. तुमच्या आयुष्यातल्या एका मोठ्या संकटाचं वर्णन करा आणि त्यातून काय शिकलात ते सांगा. तुमच्या समाजात तुम्हाला कोणता बदल घडवायचा आहे? आणि हेच महाविद्यालय का? प्रत्येकी दोनशे शब्द. उत्तरं मराठीत लिहिली तरी चालतील, असं खाली बारीक अक्षरात होतं. ज्यांची निवड होईल त्यांचं शिकणं, राहणं, जेवण सगळं महाविद्यालय बघणार होतं. कुरुंद्याजवळच्या आमच्या वस्तीतून तिथं कधी कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावीत होते आणि मला तिथं जायचंच होतं.

लिहिण्याची मला भीती नव्हती. मी पत्रकांवर वाढले. माझे वडील गवंडी आहेत. दिवसभर विटा रचायच्या आणि संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर चार-पाच जणांत बसून पत्रक लिहायचं, हे त्यांचं माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. गायरानाच्या जमिनीचं पत्रक, नळाचं पत्रक, स्मशानाच्या वाटेचं, अडकलेल्या शिष्यवृत्तीचं. छापखान्यातून गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदाचे गठ्ठे यायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. माय त्याच कागदात भाकरी बांधून द्यायची. शाळेत बाईंनी ‘मोर’ वाचायला शिकवला तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं.

वडिलांचे पत्रकाबाबत दोन नियम होते. पत्रकात रडायचं नाही, मागायचं. आणि छापायला देण्याआधी ते विहारात सगळ्यांसमोर वाचायचं. कुणीही हात वर करून ते थांबवू शकतं. या दुसऱ्या नियमामागं एक गोष्ट आहे. मी लहान असताना एका पत्रकात, नवऱ्यानं टाकून दिलेल्या एका बाईची हकिकत तिला न विचारता छापली गेली. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण पुढं जवळा बाजार या गावी, आठवडी बाजारात, त्याच कागदात बांधलेली भजी तिच्या हातात आली. तेव्हापासून वाचल्याशिवाय काहीच छापायचं नाही असं ठरलं.

तर मी लिहायला बसले आणि तिन्ही उत्तरं एका बैठकीत लिहून काढली. मला ती फार आवडली. ‘हेच महाविद्यालय का?’ याच्या उत्तराचा शेवट मी असा केला होता: ‘सबब, आपल्या महाविद्यालयाने ग्रामीण भागातील मुलींसाठी वसतिगृहाच्या जागा तात्काळ वाढवाव्यात, अन्यथा लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस महाविद्यालय जबाबदार राहील.’

गावाकडच्या मुलामुलींना अर्ज भरायला मदत करणारी पुण्याची एक ताई होती. आमची ओळख फोनवरचीच. मी तिला उत्तरांचे फोटो पाठवले. तिचा फोन आला तेव्हा ती इतकी हसत होती की तिला ठसका लागला.

“अगं, तू ॲडमिशन मागते आहेस की मोर्चा आणते आहेस?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

“असं नाही चालत. आणि संकटाच्या उत्तरात तू नळयोजना लिहिली आहेस. त्यांना तुझं संकट हवंय. तुझ्या घरातलं.”

“नळ घरातच येतो, ताई.”

ती पुन्हा हसली, पण मग गंभीर झाली. घरात कुणी आजारी होतं का, कुणाला काही झालं होतं का, असं एकेक विचारत गेली. डॉक्टर विचारतात तसं. मी सांगितलं की गेल्या उन्हाळ्यात मायचा हात भाजला होता. आमच्याकडं हळद निघाली की शेतातच मोठ्या कुकरमध्ये वाफेवर शिजवतात. माय मजुरीनं त्या कामाला जाते. कुकरचं झाकण वेळेआधी उसळलं आणि वाफ तिच्या उजव्या हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत. पुढं तो हंगाम मी तिच्या जागी कामाला गेले आणि अकरावीची परीक्षा तशीच दिली.

“हे बघ,” ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. “हे आहे तुझं उत्तर.”

ते उत्तर तिनं आणि मी मिळून लिहिलं. म्हणजे मी लिहिलं आणि तिनं सावरलं. त्यात ‘असहाय आई’ आली, आईच्या हाताकडं बघून डोळे पुसणारी मुलगी आली, आणि शिक्षण हाच एकमेव मार्ग आहे हे मी शिकले, असं शेवटी आलं. खरं तर मी त्यातून एवढंच शिकले होते, की झाकणाचं रबर झिजलेलं होतं आणि मालकाला ते माहीत होतं. ते मी लिहिलं, तर ताई म्हणाली, ते नको, तक्रारीसारखं वाटतं. ती वाईट नव्हती. तिनं तिच्या रविवारच्या सुट्ट्या माझ्यासाठी घालवल्या होत्या. तिला ठाऊक होतं की तिथं बसलेले लोक काय वाचून मान हलवतात, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

वडिलांना मी उत्तरं वाचून दाखवली. हाताचं उत्तर ऐकताना ते जमिनीकडं बघत होते. पण दुसऱ्या उत्तरात ‘माझा समाज’ हा शब्द आला तसं त्यांनी मला थांबवलं.

“समाजाबद्दल लिवलंय का?”

“प्रश्नच तसा हाय, बाबा.”

“मंग समाजासमोर वाचावं लागल.”

“हे पत्रक न्हाई. अर्ज हाय माहा.”

“छापील कागदावर आपल्याबद्दल कुणाला कायबी सांगायचं असलं, तर ते पत्रकच.”

मी फार वाद घातला नाही, कारण मला त्यांचं पटत होतं. जगात दुसऱ्या कुणी आपला कॉलेजचा अर्ज वस्तीसमोर वाचून मंजूर करून घेतला असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या घरात ते सरळच होतं.

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर मी विहारात उभी राहिले. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, दाराशी पोरं. माय दाराजवळच्या भिंतीला टेकून बसली होती, पदराखाली तो हात घेऊन. मी पहिला प्रश्न वाचला आणि त्याचं उत्तर वाचलं. वाचताना मी मायकडं बघितलं नाही.

वाचून झालं. मग पुढं बसलेल्या एका आजीनं विचारलं, “झालं? एवढंच?”

“त्यांनी एवढंच मागितलंय, आजी.”

“कमी हाय.”

“कमी म्हंजे?”

“अगं, देशभरातून लेकरं येत असतील तिथं. हात भाजल्याचं कोण इचारतंय? कुकरवर दर साली कुणाचा ना कुणाचा भाजतोच.” तिनं आपली बाही वर केली. तिच्या दंडावर तसाच एक जुना डाग होता. “हे बघ. मला दिली का कुणी सीट?”

लोक हसले. मीसुद्धा हसले. आणि मग ते सुरू झालं.

“माह्या नवऱ्याचं लिव,” मागून एक बाई म्हणाली. “ट्रॅक्टरखाली गेला. ते चालल.”

“तुहा नवरा तिचा कोण लागतो?”

“चुलता हाय म्हणून लिव म्हणावं. तिथं कोण बघायला येतंय?”

“माह्या मुतखड्याचं लिव, पोरी,” एक म्हातारा म्हणाला.

“खड्याला सीट भेटत असती तर तुमीच कलेक्टर झाले असते.”

कुणी घर पडल्याचं सांगितलं, कुणी भाऊ ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही म्हणून सांगितलं. कुणीही थट्टा म्हणून सांगत नव्हतं, हसत होते तरी. त्यांना खरंच द्यायचं होतं. वस्तीतली एक पोरगी पुण्याला चालली आहे, तिला वाटेत खायला कुणी शेंगदाण्याचे लाडू देतं, कुणी लोणचं देतं, तसं ते आपापलं सगळ्यात मोठं दुःख आणून माझ्यापुढं ठेवत होते. आणि पुढचा माणूस ते हातात घेऊन तोलत होता, हे चालेल, हे नाही चालणार. मोंढ्यात हळदीच्या ढिगात हात घालून मूठभर बाहेर काढतात आणि भाव सांगतात, तसं. मला राग येत होता आणि तो या लोकांवर नव्हता. चांगल्या खुर्च्यांवर बसून कुणीतरी एक प्रश्न लिहिला होता आणि इथं माझी माणसं आपली मेलेली माणसं मोजून दाखवत होती.

तेवढ्यात ती आजीच पुन्हा म्हणाली, अगदी सहज, आठवल्यासारखं: “अगं, दुसऱ्याचं कशाला? हिच्या घरातलंच लिवावं की. हिच्या मायची पहिली पोरगी गेली न्हाई का ती, हळदीच्या दिवसांत?”

विहारातला आवाज बसला.

माझ्याआधी एक होती, हे मला माहीत होतं. तेवढंच. आमच्या घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं आणि आपण विचारायचं नाही हे मला न सांगता कळलेलं होतं. माय उठली. तिनं दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि निघून गेली.

वडिलांनी हात वर केला. “हे थांबलं,” ते म्हणाले. आजवर त्यांचीच पत्रकं इतरांनी थांबवली होती. त्यांनी स्वतः थांबवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

घरी आलो तर माय चुलीपुढं भाकरी थापत होती. डाव्या हातानं जास्त, उजव्यानं कमी. वडील तिच्यासमोर बसले.

“त्या म्हातारीला मी सांगतो,” ते म्हणाले.

“तिला काय सांगता? खोटं बोलली का ती?” मायनं भाकर तव्यावर टाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “लिव तू.”

“काय?”

“तिचं लिव. लागत असल तर लिव.”

“आपलं मेलेलं लेकरू दाखवून सीट मागायची का?” वडील म्हणाले. “भीक हाय ती. आपुन कधी रडून मागितलं न्हाई.”

“व्हय, तुमी कधी रडले न्हाई. मंग काय भेटलं? गायरान नावावर झालं का?”

“नळ आला,” वडील म्हणाले.

“नळ आला. पाणी कवा येतं ते सांगा.”

मायनं भाकर उलटली.

“माय, मी न्हाई लिवणार,” मी म्हणाले.

“काहून?”

मग मी बोलले. बरंच बोलले. ज्यांना गरिबाची बुद्धी दिसत नाही, त्याची जखम दिसल्याशिवाय जे त्याला दार उघडत नाहीत, त्यांच्या दारात मी तुझं लेकरू नेऊन ठेवणार नाही, असं म्हणाले. आज माझं उत्तर वाचून ते हळहळतील, मला घेतील, आणि पुढच्या साली दुसऱ्या पोरीला याहून मोठं दुःख आणावं लागेल, असं म्हणाले. शिकणं हा हक्क आहे, दया नाही, असंही म्हणाले. माझा आवाज चढला होता. यातला एकही शब्द मी आज मागं घेत नाही.

मायनं सगळं ऐकून घेतलं. “झालं भाषण?” ती म्हणाली. “आता भाकर खा.”

ताईला मी फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी तुला लिही म्हणणार नाही. तो तुझ्या आईचा प्रश्न आहे. पण तू खरं विचारशील तर ते उत्तर कुणी बाजूला ठेवू शकणार नाही.” तिनं खरं सांगितलं म्हणून मी तिचे आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर भिंतीवर मूठ मारली.

मी हाताचं उत्तरसुद्धा काढून टाकलं. त्याऐवजी सकाळच्या गाडीचं लिहिलं. गावावरून जाणारी सकाळची बस बंद झाली तेव्हा आम्हा मुलींचं कॉलेज बुडायला लागलं. आम्ही स्वतः पत्रक काढलं, विहारात वाचलं, गावात वाटलं, आगारासमोर जाऊन बसलो आणि गाडी पुन्हा सुरू करून घेतली. रडणं नव्हतं त्यात. काय शिकले याचं उत्तर खरं होतं: एकटीनं गेलं तर साहेब भेटत नाही, पंधराजणी गेल्या तर चहा पाजतो. ताईला ते वाक्य आवडलं. मायनं विचारलं, “तिचं लिवलं का?” मी म्हणाले, “न्हाई.” पुढच्या रविवारी उत्तरं विहारात पुन्हा वाचली आणि अर्ज गेला.

निकाल आला तेव्हा हळदीचेच दिवस होते. शिजवलेली हळद शेताजवळच्या मोकळ्या जागेत वाळत घातलेली होती आणि माय आणि मी ती हलवत होतो. माझ्या फोनवर मेल आला. अर्जाबद्दल आभार होते, शुभेच्छा होत्या आणि मधल्या एका ओळीत आपली निवड होऊ शकली नाही असं होतं.

“काय आलं?” मायनं विचारलं.

“न्हाई झालं.”

ती हळद हलवत राहिली. मग म्हणाली, “तिचं लिवलं असतं तर झालं असतं.”

“ते सांगता येत न्हाई, माय.”

“झालं असतं. ती पुण्याची ताई पण तेच म्हणली व्हती ना?” तिनं कमरेला हात लावून पाठ सरळ केली. “मोठी बहीण व्हती तुही. तिच्या हातून काहीतरी झालं असतं तुह्यासाठी. तेवढं तरी.”

मी काहीतरी बोलायला लागले. तत्त्वाचंच काहीतरी असणार.

“तू थांब जरा,” ती म्हणाली. “मला वाटलं व्हतं, तू लिवशील. मी लिव म्हणले ते तुह्या सीटसाठीच म्हणले, असं नको समजू. तिचं कुठंच काही न्हाई. माहेरी झाली, कुणी नोंद केली न्हाई. रेशनकार्डावर नाव चढायच्या आधी गेली. फोटू न्हाई. तुह्या बापानं एवढी पत्रकं काढली, रस्त्याचं काढलं, नळाचं काढलं. मला वाटलं, आता घरात लिवणारी झाली, तर एकदा तरी कुठं तरी लिवलं जाईल. मोठ्या कालेजात जाईल तो कागद. तिथं कुणी शिकलेलं माणूस वाचल.”

मी विहारात तिच्याकडं बघितलं नव्हतं. बघितलं असतं तरी मला काही कळलं असतं असं नाही. ती उठून गेली तेव्हा मला वाटलं की तिची जखम लोकांनी उघडी केली म्हणून गेली. तिनं मला कधीच सांगितलं नाही ती का गेली, आणि मी माझ्या मनानं ठरवून टाकलं.

मी आता वसमतला बी.ए. करते. पत्रकं लिहिते, वडिलांपेक्षा जास्त. तो प्रश्न विचारण्याचा त्या महाविद्यालयाला अधिकार नव्हता, असं मी आजही म्हणते आणि जिथं बोलायला मिळतं तिथं बोलते. पण ते बोलताना पूर्वी माझा आवाज मोकळा असायचा, तसा आता नसतो. मायनं स्वतः होऊन जे दिलं ते मी तिच्यासाठीच परत केलं, आणि ते तिला लागलं. यात कुणाचं बरोबर होतं हे मला ठरवता आलेलं नाही. वडील यावर बोलत नाहीत. विषय निघाला की ते गवंडीकामाची थापी घेऊन घासत बसतात.

मध्यंतरी मी मायला म्हणाले, “मला तिचं सांग.”

“आता कशाला? आता कुठं अर्ज करायचाय?”

“कुठंच न्हाई. मला लिवायचंय.”

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं टाळते आहे. मग म्हणाली, “नाव नको लिवू. नाव माह्यापाशी राहू दे.”

“बरं.”

“चालायची. बाजेला धरून चालायची. शेतावर नेली की हळदीचं ओलं कांड उचलून चावायची. तिखट लागायचं, रडायची, पण सोडायची न्हाई. तोंड, हात, सगळं पिवळं. तुहा बाप म्हणायचा, हिला आताच हळद लागली. तापानं फणफणली तवाबी ओठ पिवळेच व्हते. पाण्यानं पुसलं मी, निघालं न्हाई.” तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. “कुरुंद्याला दवाखान्यात नेली, तिथून वसमतला न्या म्हणले. वाटंत गेली.”

सुपात तांदूळ वरखाली होत होता.

“अजून सांग,” मी म्हणाले.

“अजून काय?” माय म्हणाली. “दीड वर्षाचं लेकरू. किती असणार?”